वीसपर्यंत म्हणतो, पण चार चमचे देतो का?

तीन-साडेतीन वर्षांचं मूल वीसपर्यंत घडाघडा म्हणतं, म्हणून त्याला मोजता येतं असं धरू नका. सकाळी पोह्यांच्या बशा मांडताना म्हणा, ‘मला चार चमचे दे.’ मूठभर दिले, तर संख्येचा अर्थ अजून बसायचाय. मग दोन-तीनपासून सुरू करा: एकेक चमचा ठेवत मोजा आणि शेवटी एकूण किती तेही म्हणा, ‘एक, दोन, तीन. तीन चमचे!’ हे शेवटचं ‘तीन चमचे’च आपल्याकडून नेमकं राहून जातं. चमचे पांगवून विचारा, ‘आता किती?’ पुन्हा पहिल्यापासून मोजलं तर मोजू द्या. शेंगदाणे मात्र नकोत, घशात अडकतात.

इंदुरातल्या मराठी घरांत पुढे २९ला शाळेत हिंदीत ‘उनतीस’, घरी मराठीत ‘एकोणतीस’. दोन्हींचा अर्थ तिसाला एक कमी. तीस बांगड्या मांडून एक उचला, लगेच दिसतं.