मारामारीची घाई: बुद्धिबळात या चुका टाळा

दर रविवारी दादरला मुलांना बुद्धिबळ शिकवतो. समोर मोहरं दिसलं की मारायचं, ही खोड मोडण्यातच निम्मी सकाळ जाते.

जुनं दुखणं म्हणजे उंट जी-५ वर आणून (उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या ओळी १ ते ८, त्यावरून घराचं नाव) समोरच्याचा घोडा बांधायचा, म्हणजे तो हलला तर मागचा वजीर मारला जाईल असं करायचं, आणि समोरच्याने एच-६ ला प्यादं ढकललं की घाबरून तो घोडा मारायचा. यात आपली उंटांची जोडी फुटते आणि त्याचा वजीर आयता बाहेर येतो. उंट एच-४ ला मागे घ्या ना! मारण्याचं कारण तोंडाने सांगता आलं तरच मारा.

अमेरिकेचा जगज्जेता बॉबी फिशर याच्याकडे असं कारण होतं. १९७१, ब्यूनस आयर्स, सोव्हिएत संघाचा माजी जगज्जेता पेट्रोसियन याच्याविरुद्धचा सातवा डाव. सी-५ वर ठाण मांडलेला घोडा देऊन त्याने २२व्या चालीला डी-७ वरचा साधासा दिसणारा उंट मारला. तो उंट काळ्याचा बचाव धरून होता. पुढच्याच चालीला फिशरचा हत्ती मोकळ्या सी-पट्टीवर आला.

एफ-७ वर घोडा आणि उंट देऊन हत्ती-प्यादं घेणं: गुण सहाला सहा (घोडा-उंट तीन-तीन, हत्ती पाच, प्यादं एक), पण डावाच्या सुरुवातीला हा सौदा बहुधा तोट्याचाच.

आपल्याकडे मोहरं जास्त असेल तर मोहऱ्याला मोहरं मारा, प्यादी राखा. कमी असेल तर उलट.

पण आंधळेपणाने नको. परळच्या एका स्पर्धेत शेवटच्या फेरीत माझ्याकडे हत्ती, उंट आणि एच-पट्टीतलं प्यादं होतं, समोर नुसता हत्ती. मी खुशीत हत्तीला हत्ती मारला. माझा उंट पांढऱ्या घरांचा, आणि प्याद्याचा वजीर जिथे व्हायचा ते एच-८ चं घर काळं. त्याचा राजा त्या कोपऱ्यात जाऊन बसला आणि मला तो हुसकता येईना. तीन तासांच्या मेहनतीची बरोबरी झाली. तेव्हापासून मारण्याआधी ती दोन्ही मोहरी मनातल्या मनात पटावरून उचलतो, उरलेला पट बघतो आणि मगच हात पुढे करतो.

विरार लोकलमध्ये मोबाइलवर तीन-तीन मिनिटांचे डाव खेळून ही नजर येत नाही. पालक विचारतात, रेटिंग कधी वाढेल? मी नव्या मुलासमोर तीच स्थिती मांडतो: राजा, पांढऱ्या घरांचा उंट, एच-प्यादं, आणि कोपऱ्यात एकटा काळा राजा. म्हणतो, बाळा, जिंकून दाखव.