पातळ आवाजात गाताना या चुका टाळा

दिवाळी झाली की पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत दंडारीच्या, म्हणजे इथल्या लोकनाट्याच्या, आणि नाटकांच्या तालमी रंगतात, अन् दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मास्तर, बाईच्या आवाजात गाऊन गळा कायमचा बसते का?" नाही बसत. या आवाजात, म्हणजे फॉल्सेटोत, स्वरतंतू ताणून पातळ होतात, त्यांच्या फक्त कडा थरथरतात आणि मधे बारीक फट राहते. म्हणून आवाज हलका निघतो. पुरुषाच्या गळ्यात ही सोय मुळातच असते.

गळा बिघडतो तो या आवाजात ओरडल्यानं. फटीतून हवा निसटते, त्यामुळे त्याला मोठा दम नसतोच. पण ढोलकी आणि ऑर्गनच्या कल्लोळात स्वतःचं गाणं ऐकू आलं नाही की पोरं मान आवळून श्वास रेटतात. आमच्याकडे गवळणीचं काम करणारा एक पोरगा तालमीत गोड गायचा. प्रयोगाला मंडप गच्च, माइक दूर टांगलेला. हा रात्रभर किंचाळला. पहाटे म्हणतो, "मास्तर, आवाजच निघून नाही राहिला." मग गड्यानं गप्प बसावं की नाही? तर हा कुजबुजत गप्पा हाणतोय, घडीघडी खाकरतोय. दोन्हींनी सुजलेल्या तंतूंवर ताणच येतो. वर कुणीतरी थंडाव्याच्या गोळ्या दिल्या. घसा गार वाटला म्हणून दुसऱ्या रात्री पुन्हा उभा राहिला. होळीपर्यंत त्याची गवळण दुसऱ्यानं केली.

तेव्हापासून मी स्पीकरचा एक बॉक्स गाणाऱ्याच्या तोंडाकडे वळवून ठेवतो, माइक चार बोटांवर आणतो आणि पट्टी खाली घेतो. बाई पेटीच्या काळी चार पट्टीत गाते म्हणून आपणही तिथूनच गायचं, हा हट्ट कशासाठी? समोर बसलेला माणूस पेटीच्या पट्ट्या मोजत नाही.

उतावळ्यांची दुसरी खोड म्हणजे मूळ आवाजात वरचा सा लागत नाही, की लगेच पातळ आवाजात पळायचं. मग दोन्हींच्या सांध्यावर आवाज फाटतो. मोबाइलवर व्हिडिओ पाहून आठवड्यात तो सांधा जुळत नाही. 'ऊ' धरून वरून खाली, हळू आवाजात, रोज थोडं थोडं घसरत यावं. कंटाळवाणं आहे, पण मला दुसरं काही ठाऊक नाही.

गालात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, धरून "गळ्यासाठी ज्येष्ठमध घेतो" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. शेकोटीच्या धुरात बसून तालीम नको. पाणी दिवसभर प्यावं. गिळलेलं पाणी अन्ननलिकेत जातं, तंतूंवर पडत नाही, त्यामुळे ऐन गाण्याआधी लोटाभर ढोसून भागत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या पोराचा आवाज फुटत असेल तर त्याला उंच गायला लावू नका.

आवाज तीन आठवडे घोगरा राहिला तर काढे पुरेत. चंद्रपूरला किंवा गडचिरोलीला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. नाकातून बारीक दुर्बीण घालून तंतू दिसतात, फार वेळ लागत नाही. जास्त ओरडून आलेल्या छोट्या गाठी पुष्कळदा विश्रांती आणि आवाजाच्या व्यायामानं, ऑपरेशनशिवायही बसतात.