वर्गात प्रोजेक्टर बसवायचाय? आधी टेप घ्या, मग दुकान गाठा

ओळखीच्या एका शाळेला माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून प्रोजेक्टर भेट दिला. खोक्यावर ठसठशीत ‘9000 ल्यूमेन’ (ल्यूमेन म्हणजे प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप) छापलेलं. नारळ फुटला, पेढे वाटले, बटण दाबलं, आणि भिंतीवर काहीतरी हलतंय एवढंच दिसलं. सकाळची वेळ, पूर्वेच्या तिन्ही खिडक्या सताड उघड्या. मला बोलावलं ते त्यानंतर. तेव्हापासून कुणी ‘कुठला घेऊ?’ म्हटलं की मी आधी विचारतो, खोली केवढी आहे?

पहिलं माप शेवटच्या बाकाचं. तिथून पडद्याच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजा आणि 6 ने भागा. मजकूर वाचता यायचा तर चित्राची उंची निदान तेवढी हवी. बाक 8 मीटरवर असेल तर उंची साधारण 1.33 मीटर, म्हणजे 16:10 प्रमाणाचं, कर्णाने 100 इंची चित्र: 2.15 मीटर रुंद, 1.35 मीटर उंच. खालची कड जमिनीपासून सव्वा मीटर तरी वर ठेवा, नाहीतर शेवटच्या दोन ओळी पुढच्या बाकावरची डोकी गिळतात.

दुसरं माप प्रोजेक्टर कुठे टांगणार त्याचं. माहितीपत्रकात ‘थ्रो रेशो’ दिलेला असतो. चित्राच्या रुंदीला त्याने गुणलं की पडद्यापासूनचं अंतर मिळतं. 1.5 ते 1.8 चा साधा प्रोजेक्टर आपल्या 2.15 मीटरच्या चित्रासाठी 3.2 ते 3.9 मीटरवर येतो. आता वर बघा. तिथेच पंखा असतो! पात्यांची सावली चित्रावर गरगरत राहते आणि पंखा बंद केला तर मे महिन्यात वर्ग भरत नाही. अशा खोलीत 0.5 थ्रोचा शॉर्ट थ्रो घ्या. तो जेमतेम 1.1 मीटरवर बसतो, शिवाय फळ्यापाशी उभ्या शिक्षकाच्या डोळ्यांत उजेडही कमी जातो. अल्ट्रा शॉर्ट थ्रो तर भिंतीलाच लागून बसतो, पण त्याला भिंत आरशासारखी सपाट लागते. गिलाव्याचा प्रत्येक उंचवटा त्यात दिसतो.

प्रोजेक्टर मधोमध बसत नसेल तर दुकानदार ‘कीस्टोन आहे ना’ म्हणतो. डिजिटल कीस्टोन वाकडं आलेलं चित्र आतल्या आत आखडून चौकट सरळ करतो, त्यात थोडं रिझोल्यूशन (चित्रातला बारकावा) आणि थोडा उजेड जातो. लेन्स शिफ्ट असेल तर चित्र भिंगातूनच सरकतं, काही गमावत नाही. पाच-दहा टक्के जास्त देऊनही लेन्स शिफ्ट मिळत असेल, तर मी घ्या म्हणेन.

आता ल्यूमेन. खोक्यावरचा आकडा अॅन्सी (ANSI) किंवा आयएसओ ल्यूमेनमध्ये, म्हणजे प्रमाणित पद्धतीने मोजलेला आहे का, ते आधी वाचा. ‘एलईडी ल्यूमेन’, ‘लाइट सोर्स ल्यूमेन’ असं काही असेल तर तो आकडा विसरा. आमचे 9000 त्यातलेच होते. 3500 खरे ल्यूमेन 100 इंची चित्रावर पसरले की पडद्यावर सुमारे 1200 लक्स (दर चौरस मीटरला तेवढे ल्यूमेन) पडतात. पण प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. काळा म्हणजे भिंतीवर आधीच असलेला उजेड. तो 300 लक्स असेल तर पांढरं 1500, काळं 300, फरक फक्त 5 पट. खिडकीला जाड पडदा लावून आणि पुढची ट्यूबलाइट बंद करून तोच उजेड 80 वर आणा, फरक 16 पट होतो. खिडक्या उघड्या ठेवून एवढा फरक हवा असेल तर 13,000 ल्यूमेन लागतील, म्हणजे सभागृहाचा प्रोजेक्टर. त्यापेक्षा पडद्याचं कापड स्वस्त. पुढच्या ट्यूबला वेगळं बटण मात्र करून घ्या.

रिझोल्यूशन बघताना ‘1080पी सपोर्ट’ या शब्दांवर जाऊ नका, मूळ रिझोल्यूशन, म्हणजे प्रोजेक्टर स्वतः किती ठिपके दाखवतो ते विचारा. 1280×800 च्या खाली मराठी वाचायला त्रास होतो. इंग्रजी अक्षरं फिकट झाली तरी ओळखू येतात. आपला अनुस्वार पुसला की ‘मंद’चा ‘मद’ होतो आणि ‘उद्ध्वस्त’ नुसताच काळा ठिपका. दुकानात जाताना स्वतःचा लॅपटॉप आणि पाठ्यपुस्तकाचं एक पान न्या आणि 8 मीटर मागे जाऊन वाचा. दुकानदार फुलांचे आणि धबधब्यांचे व्हिडिओ दाखवेल. ते कुठल्याही प्रोजेक्टरवर छानच दिसतात.

दिवा की लेझर? रोज 5 तास, वर्षाला 220 दिवस धरले तर 1100 तास होतात. दिवा 4 ते 6 हजार तासांनी बदलावा लागतो. लेझर 20,000 तासांनी निम्म्या उजेडावर येतो. लेझर महाग, पण जिथे वीज मधेच जाते तिथे मी लेझरच सुचवतो: दिव्याचा प्रोजेक्टर चालू असताना वीज गेली की त्याच्या आतला पंखा थांबतो आणि तापलेला दिवा आतच भाजत राहतो. दिवाच घेतला असेल तर छोटा यूपीएस लावा.

टांगताना स्लॅब असेल तर अँकर फास्टनर (भोकात घट्ट बसणारा बोल्ट). पत्र्याचं छत असेल तर थेट पत्र्याला नको, कैचीला अँगल जोडून त्यावर, आणि सोबत स्टीलच्या तारेचा एक फास. उलटा टांगल्यावर चित्रही उलटं येतं; मेनूत ‘सिलिंग’ निवडा. एचडीएमआय केबल 10 मीटरच्या पुढे कुरकुर करते. लांब जायचं असेल तर कॅट-6 या नेटवर्कच्या केबलवरून चित्र नेणारी एचडीबेसटी जोडणी. भिंतीत पाइप टाकताना आत एक रिकामी तार सोडा, पुढच्या वेळी केबल ओढायला.

कार्यालयाच्या बैठकीच्या खोलीलाही हाच हिशेब. फक्त तिथे नेटवर्कचं पोर्ट आणि पीजेलिंक (नेटवर्कवरून प्रोजेक्टर हाताळायची सोय) असलेला घ्या, म्हणजे दहा खोल्यांचे प्रोजेक्टर एका संगणकावरून बंद करता येतात.

थ्री-एलसीडी (तीन रंगांसाठी तीन एलसीडी पट्ट्या असलेला) प्रोजेक्टर असेल तर हवेची जाळी दर महिन्याला काढून झटका. खडूच्या वर्गात पंधरा दिवसांनी. तारीख प्रोजेक्टरखालच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवा. आणि रिमोट हेडसरांच्या कपाटात कुलपात ठेवू नका. टेबलाच्या पायाला दोरीने बांधा.