ग्राफिक्स कार्डाचे पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही? कार्ड बदलण्यापूर्वी या चुका टाळा

संगणक सुरू होतो, कॅबिनेटमधले दिवे लागतात, ग्राफिक्स कार्डाचे पंखेही फिरू लागतात; मॉनिटरवर मात्र ‘नो सिग्नल’ एवढेच उमटते आणि पडदा पुन्हा काळा होतो. अशा वेळी बहुतेकांचा पहिला निष्कर्ष ‘कार्ड गेले’ हाच असतो, आणि दुसऱ्याच दिवशी मुंबईत ग्रँट रोड स्थानकाला उतरून लॅमिंग्टन रोडच्या बाजारात नव्या कार्डाची चौकशी सुरू होते. हा निष्कर्ष घाईचा आहे. पडद्यावर चित्र येण्यासाठी एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा), मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, कार्ड, केबल आणि मॉनिटर या सर्वांनी आपापले काम करावे लागते, आणि यांपैकी कोणीही अडले तरी समोर दिसणारा काळा पडदा सारखाच असतो. पंखा फिरतो यावरून पंख्याला १२ व्होल्ट मिळत आहेत एवढेच सिद्ध होते. कार्डावरची मुख्य चिप जिवंत आहे की नाही, याविषयी तो काहीही सांगत नाही.

म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी बिघाड नेमका कुठल्या टप्प्यावर आहे ते ओळखावे. कीबोर्डवरचे नम लॉकचे बटण दाबून पाहावे. दिवा लागत-विझत असेल, तर संगणक आतून सुरू झालेला आहे आणि अडचण चित्र बाहेर पोहोचण्यात आहे, असे बहुधा समजता येते. दिवा प्रतिसादच देत नसेल, तर मदरबोर्ड सुरुवातीच्या तपासणीतच अडकला असण्याची शक्यता अधिक, आणि तेथे कार्डाइतकाच संशय रॅमवर घ्यायला हवा. सुरुवातीला कंपनीचे बोधचिन्ह दिसते आणि विंडोज सुरू होताना पडदा काळा पडतो, हा तिसरा प्रकार. त्यात यंत्राचा भाग बहुतेक वेळा ठीक असतो आणि गोंधळ ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा असतो. या तीन प्रकारांतला भेद लक्षात न घेता सगळे सुटे भाग एकदम काढून पुन्हा जोडले, तर संगणक सुरू झाला तरी दोष कशात होता हे कळत नाही, आणि तो परत उद्भवला की सगळे पहिल्यापासून करावे लागते. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर संगणक सुरू करून पाहावा.

केबल चुकीच्या जागी

सर्वांत अधिक आढळणारी चूक अगदी साधी असते: मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डाच्या पोर्टमध्ये खोचलेली असते. कॅबिनेटच्या मागे वरच्या बाजूला उभे असलेले पोर्ट मदरबोर्डाचे, आणि त्यांच्या खाली आडव्या पट्टीवर असलेले पोर्ट कार्डाचे, ही खूण बहुतेक कॅबिनेटना लागू पडते. कार्ड बसवल्यावर अनेक मदरबोर्ड आपले पोर्ट आपोआप बंद करतात. शिवाय इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असते, त्यांत अंतर्गत ग्राफिक्सच नसते. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेतल्या, नावात ‘जी’ नसलेल्या डेस्कटॉप प्रोसेसरचेही तसेच आहे. अशा संगणकात मदरबोर्डाच्या पोर्टमधून चित्र कधीच येणार नाही, आणि कार्ड काढून ‘आता तरी डिस्प्ले येतो का’ हे पाहणेही निरर्थक ठरते.

मॉनिटरच्या मेनूत योग्य इनपुट निवडलेले आहे का, हेही त्याच वेळी पाहावे. घरात जुना व्हीजीए मॉनिटर असेल, तर आणखी एक खोच आहे. अलीकडच्या कार्डांतून अॅनालॉग सिग्नल बाहेर पडतच नाही, त्यामुळे केवळ पिना जुळवणारा स्वस्त जोड लावून भागत नाही. सिग्नलचे रूपांतर करणारा, आत सर्किट असलेला अडॅप्टरच घ्यावा लागतो.

वीजपुरवठा: येथे घाई महागात पडते

मदरबोर्डाच्या ज्या स्लॉटमध्ये कार्ड बसते, त्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डांना एसएमपीएसमधून स्वतंत्र जोडणी द्यावी लागते: सहा पिनांच्या जोडणीतून ७५ वॅट आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॅट अपेक्षित असतात. ही जोडणी राहून गेली, तर काही कार्डे पडद्यावर तशी सूचना दाखवतात, पण पुष्कळ कार्डे काहीच दाखवत नाहीत.

येथली धोकादायक चूक म्हणजे प्रोसेसरसाठी असलेली आठ पिनांची केबल कार्डात बसवण्याचा प्रयत्न. दोन्ही जोडण्यांत पिना आठच असल्या, तरी १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या जागा एकमेकींच्या उलट असतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. केबलचे टोक हातात घेऊन ते कुठे दुभंगते ते पाहावे. कार्डाची केबल बहुधा सहा आणि दोन अशी विभागते, तर प्रोसेसरची चार आणि चार अशी. पिनांच्या खाचांचे आकारही वेगळे ठेवलेले असतात, त्यामुळे योग्य केबल बोटांच्या माफक दाबाने आत जाते आणि तिची पकड ‘टक्’ असा आवाज करून बसते. जोर लावावा लागत असेल, तर तेथेच थांबावे.

सुट्या केबलांच्या एसएमपीएसबाबत तर अधिकच सावध राहावे. एका कंपनीच्या एसएमपीएसची केबल दुसऱ्या कंपनीच्या, किंवा त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलच्या एसएमपीएसला लावू नये, कारण एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी कोणत्याही एका मानकाने ठरलेली नाही. केबल व्यवस्थित बसते, आणि तरीही चुकीच्या पिनेवर चुकीचा व्होल्ट जाऊन कार्ड, हार्ड डिस्क किंवा मदरबोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो. साटा जोडणीतून (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या जोडणीतून) आठ पिना काढून देणारे अडॅप्टर बाजारात सहज मिळतात, तेही टाळावेत. साटा जोडणीच्या १२ व्होल्टच्या तीन पिना प्रत्येकी दीड अँपिअरच्या, म्हणजे तिची एकूण क्षमता ५४ वॅट, आणि पुढे मागणी मात्र १५० वॅटची. अशी जोडणी वितळू शकते.

एसएमपीएस निवडताना खोक्यावरचा मोठा आकडा न वाचता बाजूच्या लेबलवरील १२ व्होल्टचे अँपिअर वाचावेत. तेथे ३० अँपिअर लिहिले असेल, तर कार्ड आणि प्रोसेसर या दोघांसाठी मिळून ३६० वॅटच उपलब्ध आहेत, मग खोक्यावर ५०० लिहिलेले का असेना.

मुंबईची हवा आणि कार्डाचे दात

कार्ड पूर्ण बसले नसणे हे डिस्प्ले न येण्याचे फार मोठे कारण आहे, आणि ते बाहेरून सहज दिसत नाही. स्वस्त कॅबिनेटचा पत्रा थोडा वाकलेला असतो. मागच्या पट्टीचा स्क्रू आवळला की कार्डाचे पुढचे टोक किंचित वर उचलले जाते आणि सोनेरी पट्ट्यांचे काही संपर्क सुटतात. म्हणून आधी कार्ड स्लॉटमध्ये खटका लागेपर्यंत सरळ दाबावे, मग स्क्रू लावावा, आणि स्क्रू लावल्यानंतर कार्ड स्लॉटला समांतर आहे की नाही हे डोळे त्या पातळीवर आणून पाहावे. वरळी, दादर, वर्सोवा अशा समुद्रालगतच्या भागांत तर याकडे विशेष लक्ष द्यावे लागते, कारण खाऱ्या, दमट हवेत रॅमच्या आणि कार्डाच्या पट्ट्यांवर मळकट थर बसतो. पावसाळ्यात काही आठवडे बंद राहिलेला संगणक सुरू केल्यावर डिस्प्ले आला नाही, तर पहिला संशय याच थराचा घ्यावा.

खोडरबराचा उपाय सर्वश्रुत आहे आणि तो उपयोगीही आहे, पण तो ज्या पद्धतीने केला जातो, ती बरेचदा चुकीची असते. रबर मऊ आणि पांढरे असावे; शाईसाठीचे खरखरीत रबर सोन्याचा अत्यंत पातळ मुलामा खरवडून काढते आणि खालचा धातू उघडा पडला की पुढच्या पावसाळ्यात तो आणखी लवकर काळवंडतो. कार्ड कडेला धरून पट्ट्यांवरून रबर पट्टीच्या लांबीच्या दिशेने, कडेकडे, हलक्या हाताने फिरवावे. त्यानंतर रबराचा चुरा पूर्णपणे झटकून, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओला केलेला, धागे न सुटणारा कपडा पट्ट्यांवरून फिरवावा आणि त्या वाळू द्याव्यात. स्लॉटमध्ये पडलेला रबराचा एक कण पुन्हा तोच दोष निर्माण करतो. सँडपेपर, चाकूचे पाते किंवा तेलकट स्प्रे यांचा वापर अजिबात करू नये.

जुन्या चाळींत आणि इमारतींत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण त्यामागे अर्थिंगची तार जोडलेली असेलच असे नाही. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटत असेल, तर अर्थिंग नाही असे समजावे. एसएमपीएसच्या आतील गाळणीच्या कपॅसिटरांमुळे अशा कॅबिनेटच्या पत्र्यावर २३० व्होल्टच्या जवळपास निम्मा दाब तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने माणसाला सहसा इजा होत नाही, पण त्याच स्थितीत चालू मॉनिटर आणि चालू संगणक यांच्यामध्ये एचडीएमआय केबल खोचली, तर तो दाब नाजूक सिग्नल पिनेतून वाट काढू शकतो आणि पोर्ट जळू शकतो. अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत केबल लावताना दोन्ही यंत्रे सॉकेटपासून वेगळी ठेवावीत. मला विचाराल तर, एकाच घरात वारंवार कार्डाचे पोर्ट जात असतील, तर नव्या कार्डाच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

मदरबोर्ड काय सांगतो ते न पाहणे

अलीकडच्या बऱ्याच मदरबोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट अशी नावे असलेले चार छोटे दिवे असतात. सुरुवातीची तपासणी ज्या टप्प्यावर अडते, त्या टप्प्याचा दिवा लागून राहतो. डीरॅमचा दिवा स्थिर असेल, तर कार्डाला हात न लावता रॅमची एकच पट्टी ठेवून, ती मदरबोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या स्लॉटमध्ये बसवून पाहावे. बायोस म्हणजे संगणक सुरू करणारे, मदरबोर्डावरचे मूळ सॉफ्टवेअर. जुन्या ‘अवॉर्ड’ बायोसवर एक लांब आणि दोन छोटे बीप म्हणजे ग्राफिक्सची अडचण, असा संकेत होता. पण संकेत बायोसनुसार बदलतात, म्हणून पुस्तिका उघडावीच. डीडीआर५ रॅम असलेला नवा संगणक पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळवणी करण्यात काही मिनिटे घेऊ शकतो आणि तेवढा वेळ पडदा काळाच राहतो. या काळात घाबरून वीज बंद केली, तर ती जुळवणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

बायोसमधील काही गोष्टीही काळ्या पडद्याला कारणीभूत असतात. साधारण २०१२ च्या आधीच्या अनेक कार्डांत यूईएफआय या नव्या पद्धतीच्या बायोसशी जुळणारे फर्मवेअर (चिपवरचे मूळ सॉफ्टवेअर) नसते. ज्या मदरबोर्डावर सीएसएम (जुन्या पद्धतीला सामावून घेणारी बायोसमधली सोय) बंद आहे, त्यावर अशी कार्डे चांगली असूनही चित्र दाखवत नाहीत. कार्ड उभे बसवण्यासाठी पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीची रायझर केबल वापरली आणि स्लॉट चौथ्या पिढीच्या वेगावर राहिला, तरीही हेच होते. तेथे बायोसमध्ये वेग हाताने तिसऱ्या पिढीवर आणावा. डिस्प्लेपोर्ट वापरणाऱ्यांसाठी आणखी एक बाब: एनव्हिडियाच्या मॅक्सवेल आणि पास्कल पिढीची काही कार्डे डिस्प्लेपोर्ट १.३ किंवा १.४ च्या मॉनिटरवर विंडोज सुरू होईपर्यंत काळीच राहत असत, आणि त्यासाठी कंपनीने २०१८ मध्ये फर्मवेअर अद्ययावत करणारे साधन दिले. तोवर एचडीएमआय लावून काम चालते.

बायोस मूळ स्थितीत आणण्यासाठी सॉकेटमधून वायर काढून सीआर२०३२ हा नाण्याच्या आकाराचा सेल काही मिनिटे बाहेर ठेवावा. मात्र डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन) चालू असेल, तर त्याआधी रिकव्हरी की हाताशी ठेवावी. बायोसचे काही बदल झाल्यावर विंडोज ती मागते आणि ती नसेल तर डिस्प्ले परत येऊनही आतील माहिती हाती लागत नाही.

विंडोज सुरू होताना पडदा काळा होत असेल, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबावीत. त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. तेवढ्याने न भागल्यास सेफ मोडमध्ये (विंडोजच्या किमान सोयींच्या अवस्थेत) जाऊन जुना ड्रायव्हर काढावा आणि कार्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरचाच नवा घालावा.

जे कधीच करू नये

कार्ड ओव्हनमध्ये भाजण्याचा किंवा हेअर ड्रायरने तापवण्याचा उपाय अनेक व्हिडिओंत दाखवतात. उष्णतेने चिपखालचा तुटलेला संपर्क काही काळ जुळतो, म्हणून कार्ड थोडे दिवस चालते आणि पुन्हा बंद पडते. तोवर प्लॅस्टिक आणि कपॅसिटर यांचे नुकसान झालेले असते. ज्या ओव्हनमध्ये अन्न शिजते, त्यात सोल्डर आणि रेझिनचे धूर सोडणे तर आरोग्याच्या दृष्टीनेही घातक आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे कार्डांवरील मायनिंग (गणिते सोडवून चलन मिळवणे) थांबल्यानंतर वापरलेली पुष्कळ कार्डे जुन्या बाजारात आली. त्यांतल्या काहींचे स्वतःचे बायोस मायनिंगसाठी बदललेले असतात आणि अशी कार्डे काही वेळा चित्रच देत नाहीत. कार्डावर दोन बायोसची कळ असेल, तर संगणक बंद करून ती दुसऱ्या बाजूला सरकवून पाहावी. इंटरनेटवर सापडलेली कोणतीही बायोस फाइल मात्र कार्डात भरू नये. जुने कार्ड घेताना विक्रेत्याकडून दुकानातच चालवून घ्यावे, चित्रासह थोडा वेळ भार देऊन पाहावे, आणि अनुक्रमांक लिहिलेले बिल मागावे.

कार्डाबाबतचा पक्का निर्णय एकाच मार्गाने मिळतो: ते कार्ड दुसऱ्या, चालू असलेल्या संगणकात, पुरेशा एसएमपीएसवर लावून पाहणे, आणि आपल्या संगणकात दुसरे चालू कार्ड लावून पाहणे. या दोन्ही चाचण्यांत दोष कार्डाबरोबर फिरला, तरच कार्ड सदोष आहे. वॉरंटी असेल, तर हीट सिंकचे स्क्रू उघडू नयेत, कारण त्यावरचे सील तुटल्याचे कारण पुढे करून दावा नाकारला जाऊ शकतो. सर्व्हिस सेंटरला दोष सांगताना ‘डिस्प्ले नाही’ एवढेच न लिहिता कोणत्या मदरबोर्डावर, कोणत्या केबलने, कोणता दिवा लागून राहिला आणि दुसऱ्या संगणकात काय झाले, ते लिहावे.

संपूर्ण संगणक टॅक्सीने किंवा लोकलने न्यायचा असेल, तर आधी जड कार्ड काढून घ्यावे. खड्ड्यांच्या धक्क्यांनी त्याचे वजन स्लॉटवर पडते आणि मूळ दोषात तुटलेल्या स्लॉटची भर पडते. काढलेले कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, पावसाळ्यात तीवर आणखी एक बंद प्लॅस्टिकची पिशवी चढवून खोक्यात ठेवावे, आणि एसीच्या खोलीतून बाहेरच्या दमट हवेत आणल्यावर त्यावर बाष्प जमले असेल, तर ते पूर्ण वाळल्याशिवाय वीज जोडू नये.