मेटाबोलिक सिंड्रोम असताना ताटात काय बदलावे

रक्ताचा रिपोर्ट हाती आला, की बहुतेक घरांत पहिली कुऱ्हाड तुपावर पडते. वरणभातावरचे तूप जाते, कोशिंबिरीतला दाण्याचा कूट जातो आणि भूक भागेना म्हणून एक पोळी जास्त घेतली जाते किंवा चहाबरोबर चार बिस्किटे खाल्ली जातात. मेटाबोलिक सिंड्रोम, म्हणजे पोटाचा घेर, रक्तदाब, साखर आणि रक्तातली चरबी यांपैकी अनेक गोष्टी एकत्र बिघडलेल्या असणे; अशा माणसाला हा व्यवहार तोट्याचा पडतो.

आपण या गटात मोडतो का, हे आधी पाहावे. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप धरून, श्वास सोडल्यावर आकडा वाचावा. पँटचा नंबर येथे कामाचा नाही, कारण सुटलेल्या पोटाखाली पट्टा बांधणाऱ्यांचा नंबर वर्षानुवर्षे तोच राहतो. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक घेर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक प्रकारची चरबी) १५० किंवा अधिक, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५० च्या खाली, रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक आणि उपाशीपोटी साखर १०० किंवा अधिक, या पाचांपैकी तीन गोष्टी जुळल्या, की मेटाबोलिक सिंड्रोम धरला जातो.

अशा शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. गरजेपेक्षा जास्त पोटात गेलेल्या पिष्टमय पदार्थांचे आणि साखरेचे यकृत चरबीत रूपांतर करते, ती ट्रायग्लिसराइडच्या रूपाने रक्तात उतरते, एचडीएल घटते आणि एलडीएलचे (‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे) कण लहान व दाट होतात. म्हणून तूप कमी करून त्या जागी मैदा आणला, तर एलडीएलचा आकडा थोडा खाली येईलही, पण हृदयाच्या पदरात फारसे काही पडत नाही. त्याच जागी शेंगदाणे, तीळ, अक्रोड किंवा सूर्यफूल, मोहरी, शेंगदाणा यांचे तेल बेताने आले, तर धोका खरोखर घटतो. याचा अर्थ तुपाला मोकळीक मिळाली असा नव्हे; दिवसाला चमचाभर पुरे, आणि वनस्पती तूप टाळावेच.

प्रत्यक्ष बदल चहापासून सुरू करणे सोपे जाते. दोन चमचे साखरेचे तीन कप म्हणजे दिवसाला सुमारे २५ ते ३० ग्रॅम साखर होते. ती दर आठवड्याला अर्ध्या चमच्याने उतरवली, तर जिभेला फारसे कळत नाही. जेवताना आधी कोशिंबीर आणि उसळ वाढून घ्यावी, अर्धे ताट भाज्यांनी भरावे आणि मगच भात किंवा भाकरी यांपैकी एकच घ्यावे; दोन्ही हवेच असतील, तर प्रत्येकी निम्मे. पोह्यांत मटार, मोड आलेली मटकी आणि मूठभर दाणे घातले, की पोहे कमी लागतात. उपवास ही मात्र खरी अडचण आहे, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी आणि काकडीची कोशिंबीर चालते. मासे खाणाऱ्यांनी बांगडा आणि तारली तळण्याऐवजी कालवणात घ्यावी.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवावे, म्हणजे लोणचे, पापड आणि फरसाण यांचा हिशेबही त्यातच धरावा. मद्याने ट्रायग्लिसराइड वाढते.

इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी भात-पोळी एकाएकी कमी करू नये, कारण औषधाचा डोस तसाच राहिला तर साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर डाळी आणि फळे वाढवण्यापूर्वीही डॉक्टरांना विचारावे. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करताना वजनाबरोबर पोटाचा घेर आणि ट्रायग्लिसराइडही जुन्या रिपोर्टशेजारी मांडून पाहावे. ८० किलोच्या माणसाचे चार-पाच किलो जरी उतरले असले, तरी या आकड्यांत फरक दिसू लागतो.