केअरटेकर ठेवलाय? मग पहिल्याच दिवशी हे सांगा

घरी आजी-आजोबांसाठी माणूस ठेवला असेल (आपल्या नाशिकात इंदिरानगर, गंगापूर रोडला आता बऱ्याच घरांत असतात, मुलं पुण्याला नाहीतर बाहेर) तर औषधांच्या वेळांबरोबर हेही सांगा की मोठ्याने ओरडू नको. वयामुळे ऐकू कमी येतं ना, तेव्हा आधी बारीक, उंच आवाज जातात, त्यामुळे ओरडलं की शब्द अजूनच कळत नाहीत, वर वाटतं हा आपल्यावर खेकसतोय. त्यापेक्षा टीव्ही बंद करायचा, समोर बसायचं, उजेड आपल्या तोंडावर पडेल असं, आणि खालच्या पट्टीत एकच प्रश्न विचारून गप्प थांबायचं, उत्तराला वेळ लागतो हो. हात लावायच्या आधी "काका, आता कुशीवर वळवतोय" एवढं तरी बोलायचंच.

आणि "जेवलात का, गोळी घेतली का" सोडून दुसरं पण विचारा की, पावसाळ्यात नुसतं "दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत आलं असेल?" म्हणा (गोदावरीतली ही मूर्ती, पूर किती आलाय ते तिच्यावरून बघतात), पंचवटीतला जुना माणूस असेल तर चहा गार होईपर्यंत बोलतो. ते ऐकलेलं रात्रपाळीच्या ताईंनाही सांगून ठेवा, त्यांनाही बोलायला विषय मिळतो.