बेळगाव सीमाभागात कॅम्पर बंद पडला तर काय करावं

कॅम्पर व्हॅनला आतून घर म्हणा हवं तर, पण रस्त्यात बंद पडली की तिला ट्रकच समजायचं. वर ओटा, पलंग, फ्रिज असला तरी खालचं इंजिन, क्लच, पाटे (चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) हे बहुतेक वेळा टेंपो किंवा पिकअपचेच असतात. त्यामुळे मोटारीच्या शोरूमला फोन लावत बसण्यापेक्षा ट्रक-ट्रॅक्टरवाला मेकॅनिक गाठावा, आणि निपाणी-संकेश्वर-बेळगाव पट्ट्यात त्याची वानवा नाही.

आधी माणसं, मग गाडी

गाडीत जीव आहे तोवर ती डाव्या कडेला घ्या. चारही इंडिकेटर चालू, हँडब्रेक वर, गिअर टाकलेला. चढावर बंद पडली असेल तर चाकांच्या मागे दगड, उतारावर पुढे. लाल त्रिकोण निदान ५० मीटर मागे ठेवा; घाटात वळणाच्या अलीकडे, नाहीतर मागच्याला तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आत गादी आहे म्हणून कोणी आत पडून राहू नये. तवंदी घाटात मागून भरलेले ट्रक येतात, सगळ्यांना उतरवून कठड्यापलीकडे उभं करा. ऊस हंगामात तर रात्री जास्तच जपा. दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला मागे दिवा असेलच असं नाही, आणि त्यालाही तुम्ही दिसत नसता.

आपण नेमके कुठे आहोत

राष्ट्रीय महामार्गावर (पुणे-बेंगळुरू ४८ किंवा खानापूर-अनमोडचा ७४८) १०३३ हा मदत क्रमांक चोवीस तास चालतो. पिवळ्या डोक्याच्या किलोमीटर दगडावरचा आकडा वाचून सांगा. अपघात किंवा धोका असेल तर ११२. इथे एक सीमाभागी भानगड आहे: बाचीला कर्नाटक, पुढे शिनोळीला महाराष्ट्र. फोन पलीकडच्या टॉवरमार्फत दुसऱ्याच राज्याच्या कक्षात जाऊ शकतो. म्हणून राज्य, तालुका, गाव हे पहिल्याच वाक्यात सांगावं. जांबोटी सोडून कणकुंबी-चोर्ल्याकडे लागलात की नेटवर्कचा भरवसा नाही. अशा वेळी बेळगावकडे जाणाऱ्या बसच्या चालकाला थांबवून चिठ्ठी द्या: गाडीचा नंबर, जागेची खूण, काय बिघडलंय आणि कोणाला फोन करायचा. लोक हे काम मनापासून करतात.

काटा वर गेला असेल तर

घाटात कॅम्परचं सगळ्यात नेहमीचं दुखणं म्हणजे इंजिन तापणं. भरलेली टाकी, सामान, सहा माणसं, वर एसी, आणि चढ. तापमानाचा काटा वर सरकताना दिसला की एसी बंद करा, हीटर पूर्ण सोडा आणि जागा मिळताच थांबा. वाफ येत असेल तर बॉनेटला लगेच हात लावू नका. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडलं तर आतलं उकळतं पाणी दाबाने थेट तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. वरच्या रबरी नळीवर हात ठेवून बघा. सहज ठेवता आला तरच ओलं फडकं टाकून झाकण थोडं फिरवा, फुस्स आवाज थांबू द्या, मग पूर्ण काढा.

आता ओट्याखालच्या टाकीतलं पाणी कामाला येतं. हळूहळू ओता, तापल्या इंजिनात एकदम गार पाणी गेलं तर हेडला तडा जाऊ शकतो. ग्यारेजपर्यंत साधं पाणी चालतं, कूलंट नंतर भरा. नळी फाटलीय का, पट्टा तुटलाय का हे बघा. ऑइलची पट्टी काढून पुसा, परत घालून काढा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी ऑइलमध्ये मिसळलंय. मग चावी लावायचीच नाही, उचलूनच न्यायची.

उतारावर जळका वास आला आणि ब्रेकचा पेडल खोल जाऊ लागला तर थांबून ब्रेक निवू द्या. ड्रमवर पाणी मारू नका. पुढे खालच्या गिअरमध्येच उतरा.

स्टार्टर नुसता टक्-टक् करत असेल तर रात्रभर चाललेल्या पंख्याने गाडीचीच बॅटरी खाल्लीय का बघा. घराची (आतल्या दिवे-पंख्यांची) बॅटरी वेगळी, १२ व्होल्टची आणि लेड-ॲसिडची असेल तर तिच्यावरून जंप मारता येतो: लाल लालला, काळी वायर शेवटी इंजिनच्या उघड्या लोखंडाला. लिथियमवर हा प्रयोग नको.

मेकॅनिक आला की

निदान सांगू नका, लक्षण सांगा. ‘मामा, पंप गेलाय’ म्हटलं की तो पंपच उघडणार. ‘चढाला काटा वर गेला, मग वाफ आली, त्याआधी चर्र असा आवाज होता’ म्हटलं की तो पट्ट्याकडे बघेल. निपाणी-खानापुरात मराठी चालते. बैलहोंगल, सौंदत्तीकडे ‘गाडी केट्टैत्री’ (कन्नडमध्ये ‘गाडी बिघडलीय’) एवढं म्हटलं तरी माणसं गोळा होतात. मजुरी आणि पार्टचे पैसे वेगवेगळे विचारा, जुना पार्ट मागून घ्या. पार्ट मिळतच नसेल तर तो घेऊन बेळगावच्या उद्यमबागेत जा. फाउंड्री आणि लेथवाल्यांच्या त्या वसाहतीत एखादा बुश, पिन नमुना पाहून कातून मिळू शकते.

वेल्डिंगची वेळ आलीच तर गॅस सिलिंडर काढून लांब ठेवा आणि बॅटऱ्यांच्या वायरी सोडा. मेकॅनिकला ट्रकची सवय असते, आत स्वयंपाकघर आहे हे त्याच्या लक्षात येईलच असं नाही.

ओढून न्यायची असेल तर

क्रेनवाल्याला फोनवरच वजन, उंची आणि इंजिनचा जोर कोणत्या चाकांवर येतो ते सांगा. मागच्या चाकांवर असेल आणि ती जमिनीवर ठेवून ओढणार असतील तर प्रोपेलर शाफ्ट (जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारा दांडा) सोडवून घ्या, नाहीतर गिअरबॉक्सचं नुकसान होतं. इंजिन बंद असलं की ब्रेक कडक, स्टिअरिंग जड. घाटात दोराने ओढू देऊ नका, लोखंडी बार मागा. सपाट ट्रकवर चढवली तर उंची वाढते, गावातल्या वायरी बघत न्यावं लागतं. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, कपाटं बंद, आत कोणीही नाही.

रात्र पडली तर

खानापूरच्या जंगलपट्ट्यात गवे आणि अस्वलं आहेत. उघड्यावर स्वयंपाक करू नका, खरकटं बाहेर टाकू नका, अंधारात दूर जाऊ नका. गाडी हलत असेल तर जवळच्या गावातलं देवळाचं आवार किंवा पेट्रोल पंप गाठा आणि विचारून उभी करा. पंपाच्या आवारात मात्र शेगडी पेटवायची नाही. चहा शेजारच्या हॉटेलात.